खाडीकाठी डिटेक्टर किरकिरतो, आकडे नाचतात: मशीन बदलण्याआधी हे तपासा

ठाणे, कळवा, ऐरोली, बेलापूर या पट्ट्यात जुनी नाणी शोधायच्या हौसेने ज्यांनी मेटल डिटेक्टर घेतला, त्यांची तक्रार बहुतेक एकच असते. गावाकडे, देशावरच्या शेतात मशीन गुणी. इथे खाडीच्या बाजूला चालू केलं की टुकटुक, कुरकुर, मधेच एक किंचाळी, आणि पडद्यावर आकडे १२, ७८, ३५, ९१ असे नाचत राहतात. खणावं तर काही नाही. मग माणूस वैतागून डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या आकड्यांचे धातू गाळायची सोय, चढवतो, मशीन गप्प होतं आणि दिवसभर उन्हात फिरून पदरात पडतात सोड्याची दोन बुचं. पुढच्या आठवड्यात प्रश्न येतो, ‘याच्या वरचं कुठलं मॉडेल घेऊ?’

वरचं मॉडेल घेतलंत तरी किरकिर राहणार, फार तर थोडी कमी होईल. कारण एकाच भोंग्यातून चार वेगळ्या भानगडी ऐकू येत असतात: हवेतली वीज, मातीतलं मीठ, दगडातलं लोह आणि गंजलेलं लोखंड. प्रत्येकीचा उपाय वेगळा, आणि एकीचा उपाय दुसरीला लावला की नाणं हातचं जातं. तेव्हा आधी आवाज कुणाचा ते ओळखायचं, बटणांना हात नंतर.

थोडं आतलं सांगतो, म्हणजे पुढचं पटकन कळेल. कॉइलमध्ये, म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाच्या चकतीत, तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. आपल्याकडे लोक वापरतात ती बरीचशी मशीनं साधारण ५ ते २० किलोहर्ट्झच्या आत चालतात. त्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या धातूत छोटे प्रवाह घुमायला लागतात, ते स्वतःचं क्षेत्र तयार करतात आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. उत्तर किती मागे पडून आलं यावरून मशीन धातूचा अंदाज बांधतं. तांबं आणि चांदी वरच्या आकड्यांत, फॉइल, कथील, शिशाचे बारीक तुकडे खालच्या आकड्यांत. आता गोम अशी की वीज वाहून नेणारी किंवा चुंबकाला दाद देणारी कुठलीही गोष्ट या खेळात धातूचं सोंग घेऊ शकते. खारा चिखल वीज वाहतो. काळा दगड चुंबकाला दाद देतो. डोक्यावरची हाय टेन्शन लाइन तर स्वतःच क्षेत्र सोडत असते.

आधी आवाज कुणाचा ते ओळखा

ही परीक्षा घरात करू नका. फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर, एलईडी दिवे, इंडक्शन शेगडी आणि वायफाय आहे, शिवाय स्लॅबमध्ये सळयांची जाळी. गच्चीवरही तीच गत. मोकळ्या जागी जा. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, स्मार्ट घड्याळ काढून ठेवा, फावडं चार पावलं लांब टाका. पायात लोखंडी टोप्यांचे सेफ्टी शूज असतील तर तेही बदला, कारण प्रत्येक झोक्याच्या शेवटी बूटच ओरडतो आणि आपण जमिनीला दोष देतो.

आता कॉइल गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि अजिबात हलवू नका. तरीही बडबड चालू असेल तर ती विजेची. मशीन गप्प बसलं तर कॉइल जमिनीपासून वीतभर वर आणि पुन्हा खाली अशी उभी हलवा, पंप मारल्यासारखी. खाली नेताना आवाज चढत असेल तर जमीन बोलते आहे, म्हणजे मीठ नाहीतर लोह. हेही शांत असेल आणि फक्त आडव्या झोक्यातच इथेतिथे टणत्कार येत असतील तर खाली खरोखर काहीतरी पडलं आहे. ते नाणं असेलच असं मात्र नाही.

या परीक्षेला खिशातला रुपया वापरू नका. १९९२ नंतरचा एक रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा आहे. १९८८ नंतरचे दहा, पंचवीस आणि पन्नास पैसेही स्टीलचेच. डिटेक्टर त्यांना कधी लोखंड म्हणतो, कधी वरचा आकडा दाखवतो, कधी दोन्ही. नवीन मशीन घेतलेला माणूस रुपया समोर धरतो, आकडा ठरत नाही, आणि मशीन नादुरुस्त म्हणून परत पाठवायला निघतो. तांब्याचा पाव आणा जुन्या बाजारात सहज मिळतो, तो घ्या. नाहीतर पिवळसर पाच रुपयांचं नाणंही चालेल. ते हवेत धरल्यावर आकडा एक-दोन घरांच्या पलीकडे हलत नसेल तर मशीन ठणठणीत आहे.

वीज

आपल्या पट्ट्यात हा त्रास सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी ओळखला जाणारा. कळव्याचं उच्चदाब केंद्र, तिथून खाडीवरून निघालेले मनोरे, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची एमआयडीसी, रेल्वेची २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड तार. लाइन ५० हर्ट्झची असली तरी तिच्या पटीतले उपद्रव वरपर्यंत पोचतात, आणि कारखान्यातल्या मोटारींचे ड्राइव्ह तर थेट डिटेक्टरच्या पट्टीतच गडबड करतात.

मशीनमध्ये नॉइज कॅन्सल किंवा फ्रिक्वेन्सी शिफ्ट (गडबड टाळायला मशीनची फ्रिक्वेन्सी किंचित सरकवणारी सोय) असेल तर तेच पहिलं वापरा. कॉइल स्थिर धरून, दर नव्या जागी पुन्हा. सकाळी एकदा केलं आणि दिवसभर चाललं, असं इथे होत नाही. पन्नास पावलांवर चित्र बदलतं. ते नसेल तर दिशा बदलून पाहा. कॉइल आडवी धरून स्वतःभोवती सावकाश फिरा, मग ती उभी करा, कुठल्या बाजूला आवाज पडतो ते ध्यानात येईल. शेतात चालायच्या पट्ट्या त्याच दिशेने आखायच्या.

यानंतर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक सिग्नल टिपायचा ते. ती पूर्ण चढवून ठेवायची सवय लोकांना कुठून लागते कोण जाणे. एक-एक घर खाली आणत जा आणि हवेतली बडबड जेमतेम थांबेल तिथे थांबा. खोली जाते, हे खरं. पण साध्या मशीनला बऱ्या मातीतसुद्धा नाण्याएवढी वस्तू वीतभराच्या खाली मुश्किलीने लागते, आणि सततच्या कुरकुरीत तो बारीक सिग्नल कानाला कळतच नाही. गप्प मशीन वीतभर बघत असेल तर ते ओरडणाऱ्या मशीनपेक्षा केव्हाही बरं.

दोघे मिळून गेलात आणि दोघांची मशीनं एकाच फ्रिक्वेन्सीची असली तर एकमेकांपासून लांब राहा. पिनपॉइंटर, म्हणजे नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, कमरेला चालू राहिला तरी असाच त्रास देतो.

मीठ

खाजणातली, म्हणजे भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली, जमीन वेगळीच गोष्ट आहे. कळव्याच्या पुढे एका मित्राच्या घरची भातशेती खारबांधाच्या आत आहे. मे महिन्यात वरचा थर पांढरट, भेगाळलेला, आणि मशीन बऱ्यापैकी शांत. त्याच शेतात बांधाच्या पायथ्याशी, जिथे पाणी झिरपून माती काळी आणि ओली आहे, तिथे कॉइल टेकवली की फॉइलच्या आकड्यांवर अखंड घरघर. मिठाला पाण्याची साथ मिळाली की ते वीज वाहतं. कोरडं मीठ फारसं बोलत नाही. म्हणून एकाच शेतात दोन टोकांना दोन स्वभाव दिसतात. मित्राचे आजोबा बांधावर बसून आमचा तमाशा बघत होते. त्यांची अट एकच होती: ‘बांद नको खनू रं, उधानाला पानी आत येल.’ खारबांधाला फावडं लावायचं नाही. नाणं असो की हंडा.

तांत्रिक अडचण अशी की ओल्या मिठाचं उत्तर बारीक फॉइलच्या जागी येतं आणि काळ्या दगडातल्या लोहाचं उत्तर अगदी दुसऱ्या टोकाला. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन ग्राउंड बॅलन्स करताना, म्हणजे जमिनीचा आवाज वजा करताना, दोहोंपैकी एकालाच गप्प करू शकतं. मीठ सांभाळलं तर मुरूम बोलतो, मुरूम सांभाळला तर मीठ. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी मशीनं इथे खरोखर उजवी ठरतात, आणि महागडं मशीन घ्यायचं खरं कारण कुठलं असेल तर हेच. पण त्याआधी फुकटचे उपाय आहेत.

पहिला, वेळ. खाजणात भात पिकतो तो पावसाच्या पाण्याने वरचं मीठ धुऊन नेलं म्हणून. त्यामुळे भातकापणी झाल्यानंतरचे, दिवाळीपासून पुढचे काही आठवडे उत्तम: मातीत ओल असते, मीठ नसतं. होळी जवळ आली की उन्हाने खालचं खारं पाणी वर ओढलं जातं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. दुसरा, तिथी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाच्या आतही पाणी पाझरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी जोराची भरती, असते तेव्हा जा. कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलपेक्षा लवकर सांगतील.

तिसरा, हात. कॉइल मातीला घासत नेऊ नका, बोटभर वर ठेवा आणि ती उंची झोका संपेपर्यंत तशीच राखा. खाऱ्या जमिनीवर निम्मे खोटे सिग्नल झोक्याच्या टोकाला कॉइल वर उचलली जाते म्हणून येतात. बीच मोड असेल तर लावा. लहान कॉइल असेल तर ती लावा, कमी माती बघते म्हणून कमी मीठ बघते.

ओल्या चिखलाच्याही पलीकडे, खारफुटीत मात्र उतरू नका. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. शिवाय गाळात गुडघाभर रुतलेला माणूस आणि हातात विजेचं यंत्र, यात बघण्यासारखं काही नाही.

दगड, कौलं आणि भराव

आपला काळा कातळ म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. त्याचा मुरूमही तसाच. कॉइल खाली नेली की गुरगुर, वर घेतली की शांत. इथे ग्राउंड बॅलन्स कामाला येतो: धातू नसलेली हातभर जागा शोधा, तिथे कॉइल वर-खाली करत बटण दाबा आणि दोन्ही दिशांना आवाज सारखा होईपर्यंत थांबा. मातीचा रंग बदलला की पुन्हा करायचं. काही स्वस्त मशीनांत हे संतुलन कारखान्यातच पक्कं केलेलं असतं; तिथे सेन्सिटिव्हिटी कमी करणं आणि कॉइल उचलून धरणं एवढंच हातात उरतं.

जुन्या घरांच्या परसात एक छुपा उपद्रव असतो, मंगलोरी कौलांचे तुकडे आणि विटांचा चुरा. भट्टीत भाजलेली माती चुंबकाला जास्त दाद देते. कौलाचा तळहाताएवढा तुकडा आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळा बोलतो, आणि मशीन त्याला खुशाल वस्तू समजतं. आवाज पसरट येतो, आकडा ठरत नाही आणि कॉइल चार बोटं उचलली की साफ जातो. रेल्वेच्या बाजूला दगडी कोळशाची जळकी ढेकळं असंच करतात. तिकडे तसंही जाऊ नका, रेल्वेची हद्द आहे.

नवी मुंबईकरांसाठी एक वेगळी सूचना. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. त्यानंतर सेक्टरच्या सेक्टर भराव टाकून उभे राहिले. तुम्ही ज्या मोकळ्या प्लॉटवर तासन्‌तास घाम गाळता तिथली वरची माती खाणीतून डंपरने आलेली असू शकते. खणताना खडी, सिमेंटची ढेकळं, टाइलचे तुकडे, प्लॅस्टिकची पोती निघायला लागली की समजा, हा भराव. जुनं जे काही असेल ते दोन मीटर खाली, तुमच्या मशीनच्या आवाक्याबाहेर. ही बिघाडाची तक्रार नव्हेच. उठा, दुसरीकडे जा.

‘मग किल्ल्यावर जाऊ, तिथली माती मूळची असते’

इथवर आलं की कुणीतरी हे म्हणतंच. जाऊ नका.

केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. राज्याच्या स्मारकांसाठी राज्याचा १९६० चा कायदा आहे. आणि ज्या बुरुजाची, तटाची कुठेच नोंद नाही, ती जमीनही सरकारची, सिडकोची, वनखात्याची किंवा कुणा खाजगी माणसाची असतेच. बेवारस असं काही नसतं. बेलापूरचा किल्ला असो की घोडबंदरचा, फावडं घेऊन शिरणं म्हणजे स्वतःहून पोलिसांना बोलावणं. ठाण्याच्या किल्ल्याचा तर प्रश्नच मिटलेला आहे, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला तो किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच राहील. १७८७ साली ठाण्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट निघाले, शके ९३९ चे, म्हणजे इ. स. १०१७. त्यावर मजकूर कोरलेला होता म्हणून ते स्वतःबद्दल बोलू शकले. नाण्यावर एवढं लिहिलेलं नसतं. ते कुठल्या थरात, कुठल्या खापराशेजारी, कुठल्या भिंतीखाली पडलं होतं यावरूनच त्या थराचं वय ठरतं. डिटेक्टरवाल्याने ते उपटून खिशात घातलं की थर मुका झाला आणि नाणं सुटं झालं. मग त्याची किंमत बाजारातल्या इतर सुट्या नाण्यांइतकीच.

राहिली ती खाजगी जमीन, नांगराने दरवर्षी उलथलेली, मालकाच्या लेखी परवानगीने. इथेही सातबारा बघा. एकाच उताऱ्यावर चार चुलते आणि दोन आत्यांची नावं असतात. एका भावाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने संध्याकाळी भांडण काढलं, हे सगळीकडे घडतं. नवी मुंबईत तर कसणारा एक आणि उताऱ्यावर संपादनानंतर सिडको, असंही असतं.

आणि काही लागलंच तर १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही जिवंत आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की काय सापडलं, किती, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. आजच्या भावाने राणीछाप चांदीचा एक रुपयाही या मर्यादेच्या कितीतरी वर जातो. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कळवलं, मूळ मालक कुणी निघाला नाही आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात आधी काही ठरलेलं नसलं, तर कायदा तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला देतो. सरकारला हवं असेल तर ते किंमत देऊन घेऊ शकतं. एकापेक्षा जास्त नाणी एकत्र लागली, मडक्याचे काठ दिसले, भिंत लागली, तर हात थांबवा, फोटो काढा, माती परत टाका आणि मग कळवा. पुढचं काम पुरातत्त्ववाल्यांचं.

लोखंड, फॉइल आणि खरं नाणं

आता खरा अभ्यास. गावठाणाच्या मातीत, विशेषतः जुन्या कोळीवाड्यांच्या आणि आगरी पाड्यांच्या आसपास, धातूचा कचरा कल्पनेपलीकडे आहे. होड्यांचे मोळे, पत्र्याचे तुकडे, कोयत्याची पाती, छत्रीच्या काड्या, गोळ्यांच्या पाकिटांचं फॉइल. जुन्या चाळींच्या मागे आरे दुधाच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची पातळ बुचं अजून निघतात, चुरगळलेली, पण चमक कायम. आणि खाडीकाठच्या परसात जाळ्याची शिसं. ही शिसं मोठी दगाबाज. गोल, जड, कुठल्याही बाजूने झोका घ्या, सिग्नल स्वच्छ आणि आकडा स्थिर. त्यांना नाण्यापासून मशीनवर वेगळं काढायची युक्ती नाही. खणा, बाहेर काढा, पिशवीत टाका आणि जाळंवाल्याला परत द्या.

गंजलेल्या लोखंडाला मात्र ओळखता येतं. सिग्नल लागला की त्याच्यावर उभे राहून छोटे, झपाझप झोके घ्या. मग स्वतः नव्वद अंशांत फिरा आणि पुन्हा घ्या. नाणं दोन्हीकडून सारखं बोलतं. खिळा एका बाजूने गोड बोलतो आणि दुसऱ्या बाजूने तुटक, घोगरा किंवा गप्प. पिनपॉइंट केल्यावर, म्हणजे नेमकी जागा काढल्यावर, ती बोटभर सरकली तर संशय पक्का.

सोड्याचं आणि बिअरचं पत्र्याचं बूच हा सगळ्यात लबाड प्रकार. ते चपटं, गोल आणि लोखंडी. गोल चपटेपणामुळे वरचा आकडा देतं, लोखंड असल्यामुळे काठाशी खरखरतं. बुचावर कॉइल मधोमध आणा, आकडा चांदीच्या घरात. आता कॉइल हळूहळू मागे ओढत न्या, म्हणजे बूच कॉइलच्या टोकाखाली येईल. तिथे आकडा खाली कोसळतो आणि लोखंडाचा सूर लागतो. पाव आण्यावर हेच करा: आवाज बारीक होत जातो, पण आकडा जागा सोडत नाही. बूच आणि पाव आणा पायाशी टाकून हे एकदा घरच्या अंगणात करून बघा, कान तयार होतो.

आता डिस्क्रिमिनेशनकडे. फॉइलचा त्रास होतो म्हणून खालचे आकडे कापून टाकायचे, हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. तो बहुतेक परदेशी नाण्यांचा हिशेब धरून दिलेला असतो. आपल्या किनाऱ्यावर सर्वांत जुनं जे चलन होतं त्यातलं बरंच खालच्या आकड्यांतच येतं. सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची (तांब्याच्या हलक्या मिश्रधातूची) नाणी, वसई-ठाण्याकडे चाललेले पोर्तुगीजांचे बझारुको, म्हणजे कथलाची हलक्या किमतीची नाणी. यांना मशीन फॉइलच्या आसपास टाकतं. फॉइल कापलंत की हेही कापलं गेलं. ब्रिटिश काळातलं तांबं, पेशवाईतली शिवराई आणि चांदीचा रुपया वरच्या आकड्यांत सुखरूप राहतात. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा कांस्याचा, तोही बऱ्यापैकी ठळक बोलतो. ॲल्युमिनियमचे पाच-दहा पैसे मधेच कुठेतरी. म्हणजे मशीन गप्प करायच्या नादात अलीकडचंच तेवढं सापडत राहतं आणि लोक म्हणतात, इथे जुनं काही नाहीच.

म्हणून फक्त लोखंडाचा तळाचा भाग बंद ठेवा, बाकी सगळं चालू. हिरवळीवर फॉइल खणून कंटाळा येईल. येऊ द्या. फॉइलचा आकडा झोक्यागणिक दोन-चार घरं इकडेतिकडे जातो कारण ते चुरगळलेलं असतं. नाणं गोल आणि सपाट असल्यामुळे एका जागी राहतं. त्या फरकावर कान लावा.

प्रत्येक मशीनचे आकडे वेगळे, त्यामुळे दुसऱ्याच्या तक्त्यावर विसंबू नका. प्लॅस्टिकच्या मोठ्या क्रेटमध्ये इथलीच माती भरा आणि पाव आणा, भोकाचा पैसा, शिशाचा तुकडा, बूच एकामागून एक १० सेंटीमीटरवर ठेवून आकडे वहीत लिहा. मग माती खाऱ्या पाण्याने भिजवून पुन्हा लिहा. दुसरी यादी पहिलीशी जुळणार नाही. खाडीकाठी तुमच्या कामाची दुसरी.

जुन्या बाजारातून आणलेल्या चाचणीच्या नाण्यांबद्दल एक, राहवत नाही म्हणून: चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका. हिरवट थर हीच नाण्याची कातडी आहे. घासलेलं तांबं ताटलीत शोभतं, संग्रहात नाही.

सगळं केलं, तरी किरकिर

मग मशीनकडे या. केबल दांड्याला सैल गुंडाळलेली असेल तर झोक्याबरोबर ती हलते आणि कॉइल तिलाच धातू समजते; पट्ट्यांनी घट्ट बांधा, कॉइलजवळ वळायला थोडी ढील ठेवा. जोडणीच्या पिना पाहा. खाऱ्या हवेत त्यांच्यावर हिरवट-पांढरी पूड धरते आणि आवाज मधूनच तुटतो. बॅटऱ्या नव्या घालून एकदा बघा.

आणि कॉइलचं प्लॅस्टिकचं कव्हर उघडा. बहुतेक जण ते कधीच काढत नाहीत. कॉइल आणि कव्हरच्या मधे खाजणाचा चिखल जाऊन बसतो, ओला असताना तो मिठाची जमीन बरोबर घेऊन फिरल्यासारखा वागतो, आणि मग देशावरच्या कोरड्या शेतातसुद्धा मशीन खाडीकाठच्यासारखं कुरकुरतं. गोड्या पाण्याने दोन्ही भाग धुवा आणि सावलीत पूर्ण सुकवा. कव्हर बसवण्याआधी कॉइलच्या काठाने बोट फिरवून चीर गेलेली नाही ना ते पाहा. चीर असेल तर आत पाणी शिरलेलं असतं, आणि तेवढ्या एका दुखण्याला नवी कॉइल घेण्यावाचून इलाज नाही.